सत्तेचाळीस

७ नोव्हेंबर, शनिवार दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिचं डोकं खाऊन तो काढून घेतला. इकडे आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त. माझा चष्मा एवढा जाड झालाय की पाहिलंस तर हसशील. हस. तुझं हसणं ऐकून अकरा वर्षं झाली.

शाळा सुटलीय, मी वर्गातच बसून लिहितेय. यंदा माझ्याकडे तिसरी आहे. एका मुलीला सगळे भिरभिरी म्हणतात, एका जागी बसेल तर शपथ. मंगळवारी तिची वही तपासत होते. बावन्नातून सतरा गेले, उत्तर पंचेचाळीस. पुढचंही चूक, त्याच्या पुढचंही. एरवी मी ओरडलेच असते, पण त्या दिवशी घसा बसला होता. म्हणून नुसतं विचारलं, "हे कसं काढलंस गं?"

"बाई, दोनातून सात जात नाहीत ना? मग सातातून दोन घेतले. तुम्हीच सांगता, मोठ्यातूनच लहान जातं."

खरंच, मीच सांगते. बावीस वर्षं फळ्यापुढे उभी राहून सांगतेय.

मग मी घरचा एक अख्खा खराटा मोडला (आईची बोलणी खाल्ली) आणि दहा-दहा काड्यांचे गठ्ठे केले, रबर लावून. दुसऱ्या दिवशी भिरभिरीपुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या. म्हटलं, यातल्या सतरा मला दे. तिनं एक गठ्ठा दिला, दोन सुट्या दिल्या, आणि अडली. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी गप्प बसले. मला ते किती जड जातं, तुला माहीत आहे. बऱ्याच वेळानं तिनं हळूच विचारलं, "बाई, एक गठ्ठा सोडू?" रबर काढलं, पाच काड्या मला दिल्या आणि उरलेल्या दोनदा मोजल्या. पस्तीस! पोरगी उडीच मारायची बाकी होती.

मला तिथेच रडू आलं. मुलांना वाटलं, बाई आजारी आहेत.

एकसष्टातून अठ्ठावीस, आठवतं? घरी मीच तुझा अभ्यास घ्यायचे, आणि तू सत्तेचाळीस लिहिलंस. मी ते घरी आलेल्या पाहुण्यांना वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून तू सत्तेचाळीसच झालास. "सत्तेचाळीस, दार लाव." "सत्तेचाळीस जेवला का?" आम्हाला वाटायचं, लाडाचं नाव आहे. परवा मी ते गणित कागदावर मांडलं. सहातून दोन गेले चार, आठातून एक गेला सात. माझा नियम तू तंतोतंत पाळला होतास. तू ढ नव्हतास रे. कसं काढलंस, एवढं मी तुला एकदाही विचारलं नाही.

आता जे लिहायचं टाळत इथवर आले, ते लिहिते. तुला वाटतं, बाबांनी तुला शाळेतून काढलं. त्यांनी आधी मला विचारलं होतं. मी शिक्षिका व्हायला शिकत होते, घरात माझ्या शब्दाला वजन होतं. "याला पुढे शिकवू का?" म्हणाले. मी म्हटलं, "कशाला? त्याच्या डोक्यात काही शिरत नाही." पुढच्या सोमवारी तू फरशीवाल्या मिस्त्रीबरोबर कामाला गेलास. बाबा गेले तेव्हा त्यांच्यावरचा राग घेऊन आलास आणि तसाच परत गेलास. तो राग माझ्या वाट्याचा होता. मी तो त्यांच्या माथी राहू दिला.

मावशी सांगते, खोलीवर नुसती नजर टाकून किती फरश्या लागतील ते तू तोंडी सांगतोस. आणि तुला सहा वर्षांची मुलगी आहे, हेही तिनंच सांगितलं. रस्त्यात त्या वयाची पोर दिसली की हल्ली मी उगाच थांबते. तुझ्या लेकीचं तोंड तुझ्यासारखं आहे का, ते मावशीला नीट सांगता येत नाही.

माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला. तुझी फार आठवण येते, एवढंच म्हणते. ये. यावंसं वाटत नसेल तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. पोस्टमन शाळेत अकराला येतो. त्या वेळी मुलांना गणितं घालून मी दारात उभी असते.

तू म्हणू देशील तर,
तुझी ताई