बाळू आबांबरोबर गेला

६ फेब्रु. ७३, मंगळ.
डोळ्याला डोळा न्हाई. माझा बाळू पालथा पडून कन्हत हुता, मी पाठीला हळद-तेल लावत बसले. काठीचं वळ पार कमरंपतोर. काल साळंत दंगा झाला. ह्या दुष्काळात प्यायच्या टाकीला कुलूप घातलं, मास्तरांपुरतं पानी. पोरांनी बाकं भाईर फेकली, काच फुटली. हेडमास्तरानं पोलीस बोलावलं. दार लावून मारलं म्हनं. नववीची पोरं ती.
"तू फोडलीस काच?"
"बाक उचललं गं आई. काच न्हाई."

७, बुध.
हे पलटणीत, लांब. पत्रात काय लिवू.
शेजारची तानाकाकू म्हनली, "मिल्ट्रीवाल्याचं पोर आन काठीला रडतंय व्हय!" मला हसू आलं न्हाई. बाळूला लघवीतनं रगात जातंय. मलाच सांगितलं त्यानं, मान खाली घालून.

८, गुरु.
आबा आलते. भावकीतले थोरले, माझे चुलत सासरे, गावचे पोलीस पाटील. सोप्यात बसून भिंतीला सांगावं तसं म्हनले, "पोराची जबानी घ्यायचीया. ठाण्यावर नेतो, येताना डाक्टरला दावतो." मी दाराआड. सासऱ्याम्होरं बोलायची रीत न्हाई आमच्यात. कुठलं ठाणं, कवा येनार, काय इचारलं न्हाई. रगाताचंबी न्हाई. बाळू जाईना. मीच म्हनलं, "जा रं, आपलंच हायत ते." भाकरी बांधून दिली.

९, शुक्र.
आला न्हाई. आबांच्या दारात गेले. आतनं आवाज, "सायबानं ठिवून घेतलाय. मी काय करू?"
पदर सावरला न्हाई. उंबऱ्यातनंच वरडले, "आवं आबा, त्याला रगात जातंय!"
तशीच माघारी फिरले.
मग पलूसचं ठाणं. शिपाई म्हनला, "सांगलीला नेला. बाई, घरातलं गडीमानूस पाठवा." कुठनं आनू.

१०, शनि.
पयल्या यष्टीनं सांगलीला निघाले. एकटी कवा गेले न्हाई. लय भ्या वाटतंय. तिथं कुनाला इचारायचं. मलाबी बसवून ठिवलं तर...
धाकटी लेक तानाकाकूपाशी हाय, ही वहीबी काकूपाशीच ठिवते. काकूला वाचाय येत न्हाई, कुनाकडनं तरी वाचून घिईल. जो कोन वाचंल, त्यानं कोयनानगरला धरणाच्या हापिसात फोन करा. माझा भाऊ शामराव, तिथं डायवर हाय. माझं काय सांगू नका. म्हनावं बाळू सांगलीत पोलिसांकडं हाय, त्याला डाक्टर पायजे. आजच फोन करा.