दादाची गाडी विकताना आलेल्या अडचणी

ती. वहिनींस,

गुडघे परवानगी देतील तेवढं वाकून नमस्कार. (हल्ली ते फारशी देत नाहीत, तेव्हा उरलेला नमस्कार मनातून समजावा.) तुमचा खोकला आणि नातीचं रडणं, दोन्ही उतरणीला लागलं असेल अशी आशा आहे. इकडे सगळे मजेत. तुमची धाकटी जाऊ माझ्यावर रागावलेली आहे, म्हणजे तिचीही प्रकृती उत्तम. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुमचा आवाज आला की मी पहिल्याच वाक्याला ‘हो वहिनी’ म्हणून मोकळा होतो. तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासूनची ही खोड. पत्रात निदान माझं म्हणणं पुरं तरी होतं.

लेकीकडे जाताना तुम्ही बजावून गेलात, ‘मी परत येईन तेव्हा ह्यांची गाडी दारात दिसता कामा नये. गाडी दिसते आणि माणूस दिसत नाही, हे मला रोज सकाळी झेपत नाही.’ तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिलाय का? लगेच गिऱ्हाईक गाठलं. आपले गुरांचे डॉक्टर हो! आडवाटेच्या गोठ्यांवर जायला त्यांना अशीच जुनी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. त्यांना शेजारी बसवलं आणि चक्कर मारायला निघालो. उतारावर मागे ‘कट्’ असा आवाज झाला, गाडीचं बूड एका अंगाला बसलं आणि वहिनी, एक चाक आम्हाला ओलांडून पुढे गेलं! अगदी ऐटीत. डॉक्टर म्हणाले, ‘अहो, कुणाचं निघालं हे?’ मीही म्हटलं, ‘असेल कुणातरी निष्काळजी माणसाचं.’ चाक वळणावर व्यवस्थित वळलं (आम्हाला ते जमलं नाही), औषधाच्या दुकानाची पायरी चढलं आणि काउंटरला टेकून उभं राहिलं. दुकानदारानं सवयीनं त्याला ‘चिठ्ठी आणलीय का’ विचारलं म्हणे. दादा असता तर आधी पोट धरून हसला असता आणि मग मला शिव्या घातल्या असत्या. मी दोन्ही कामं एकट्यानं उरकली, पण मजा नाही आली.

मग मिस्त्रींना बोलावलं. (दादाचेच ते. डोकं कायम बॉनेटमध्ये, त्यामुळे त्यांची पाठ मी हजारात ओळखीन, चेहरा मात्र पाहिलेला नव्हता.) ते गाडीच्या आतूनच म्हणाले की या जुन्या गाडीत मागचा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा लोखंडी दांडा, चाकही फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो तुटला की चाक मोकळं! आता जाडजूड शाफ्ट मिळतात आणि सोबत चाक धरून ठेवणारा वेगळा हब येतो. वजन हबनं पेलायचं, शाफ्टनं नुसतं फिरायचं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. हे ऐकताना मला तुमची आठवण झाली. दादा गेल्यावर घर तुम्हीच ओढलंत आणि आम्हा सगळ्यांना पेललंतही तुम्हीच. आम्ही आपले मागे बसून, गाडी काय मऊ चालतेय, म्हणत होतो. असो. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

तर शाफ्ट मागवायचं काम माझ्याकडे आलं आणि तिथे जरा घोटाळा झाला. मागच्या दोन चाकांमधला गियरचा गोळा म्हणे बरोबर मध्ये नसतो, एका बाजूला असतो, म्हणून एक शाफ्ट लांब आणि एक आखूड लागतो. आता हे मला बापड्याला कुठून ठाऊक असणार? दोन्ही चाकं सारखी, म्हणून मी दोन्ही शाफ्ट सारखे मागवले. एक बसला, दुसरा वीतभर बाहेर! तो परत पाठवा, दुसरा येण्याची वाट बघा, यात बरेच दिवस गेले. डॉक्टर बिचारे रोज येऊन चौकशी करायचे आणि चहा पिऊन जायचे. माझा अगदी नाइलाज होता.

शेवटी एकदाचं सगळं बसलं. गाडी ओढ्याच्या चिखलात घातली, फोर व्हीलचा लिव्हर ओढला आणि अशी काही झोकात वर आली की काठावर उभ्या केलेल्या आपल्या गाडीच्या बॉनेटमधून मिस्त्रींनी चक्क मान बाहेर काढून पाहिलं. (चेहरा दिसला. मिश्या आहेत.) मग स्वतः चालवून बघायला बसताना त्यांनी सीट पुढे ओढायला हात घातला, तेव्हा मात्र मी असा ओरडलो की त्यांच्या हातातला पाना पडला. दादाच्या लांब पायांसाठी मागे सरकवलेली ती सीट अजून तशीच आहे, वहिनी. माझे पाय क्लचला पुरत नाहीत, म्हणून मी पाठीशी उशी घेऊन चालवतो. डॉक्टर माझ्याहूनही बुटके आहेत. गाडी नेली की पहिल्याच दिवशी सीट पुढे ओढतील, आणि त्यांना बोलणार तरी कसं!

तर एकूण गाडी आता विकायला अगदी तयार आहे. रविवारी डॉक्टर न्यायला येताहेत. तुमच्या शब्दाबाहेर काही होणार नाही, काळजी नसावी.

तुमचा आज्ञाधारक दीर

ता. क. रविवारच्या आत एवढी एकच ओळ लिहून पाठवाल का, ‘गाडी विकायची नाही’? कारण दिलं नाही तरी चालेल. अक्षर मोठं काढा, डॉक्टरांना दाखवायचंय. मी सुचवलं हे कुणाला सांगू नका, घरात तर मुळीच नको.

ता. क. ताई, ही मी, तुमची जाऊ. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणजे बघा! एक शाफ्ट लांब, एक आखूड, हे ह्यांना चांगलं ठाऊक होतं. मोठ्या भाऊजींबरोबर गाडीखाली झोपून ह्यांनीच ते पूर्वी बदलले होते. डॉक्टरांच्याही सगळं लक्षात आलंय. काल मला म्हणाले, मी दुसरी गाडी बघतो, पण ह्यांना इतक्यात सांगू नका, त्यांची रविवारी माझ्याशी भांडायची तयारी जोरात चाललीय. तेव्हा डॉक्टरांचं काही नाही, तुम्हाला काय वाटतं तेवढंच बघायचं. गाडी दिसते आणि माणूस दिसत नाही, म्हणालात ना? मग आपणच बसू या की! मी ओढ्याकाठच्या मैदानात शिकायला लागलेय, तुम्हीही शिका. सीट हलवायची नाही. तुमची उंची बघता उशा दोन लागतील. दुसरीची खोळ मी शिवून ठेवलीय.