महेशचं लॉगिन

३ फेब्रु., सोम.
सकाळी सानपांनी हाक मारली. आमच्या ग्रंथालयातले कॉम्प्युटर तेच बघतात. "मॅडम, महेशचं लॉगिन चालू आहे."
म्हटलं, बंद करायचं राहिलं असेल.
"तसं नाही. शनिवारी कुणीतरी त्यावरून आपल्या पोर्टलवर पेपर शोधलेत."
महेशला जाऊन दोन महिने होत आले. लोणी काळभोरहून मोटरसायकलवर यायचा, सोलापूर रस्त्यावरच अपघातात गेला. पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय, नदीकाठच्या विहिरींचं पाणी.
दिवसभर कशात लक्ष नाही.

४ फेब्रु.
शोधलेले शब्द बघितले. त्याचेच. 'ग्राउंडवॉटर'चं स्पेलिंग तो चुकवायचा, अगदी तसंच चुकलेलं.
किती वेळा सांगितलं होतं. "मॅडम, गुगलला कळतं मला काय म्हणायचंय. तुमचं पोर्टल आधी शुद्धलेखन तपासतं." मी म्हणायची, गुगल तुझा प्रबंध तपासणार नाहीये. हसायचा.
पण कुणाची चूक कोण कशाला गिरवेल?

७ फेब्रु., शुक्र.
सापडलं. खिडकीजवळचं मशीन. श्वेता बसली होती. कोथरूडची, महेशच्याच सरांकडे पीएचडी करते. मी मागे जाऊन उभी राहिले तरी दचकली नाही.
"सॉरी मॅडम. पासवर्ड त्यानेच दिला होता."
बाहेर कट्ट्यावर बसलो. सरांनी महेशचा विषय तिला दिलाय. काम वाया जायला नको म्हणे. तिला नाही म्हणता आलं नाही.
"मी टाइप पण करत नाही. त्याचा जुना शोध क्लिक केला की तसाच येतो, स्पेलिंगसकट. आणि प्रत्येक पेपरखाली लिहिलेलं असतं, 'तुम्ही हे पाहिले आहे.' मी नाही पाहिलेलं, मॅडम."
मी म्हटलं, स्वतःच्या लॉगिनने सुरू कर, स्वतःचे शब्द घाल. नव्या मुलांना शिकवते तेच. बोलता बोलताच कोरडं वाटलं.
"केलं. ढीगभर येतं. त्यातलं वाचायचं काय, ते त्याला माहीत होतं."

१२ फेब्रु.
सानप परत. "नियमाने बंद व्हायला हवं. आपण फक्त हो म्हणा."
बघू म्हटलं.
घरी भाजी निवडताना तेच वाक्य डोक्यात. तुम्ही हे पाहिले आहे. किती सहज लिहून ठेवलंय कुणीतरी.

१७ फेब्रु., सोम.
श्वेता आठवडाभर स्वतःच्या लॉगिनवर बसतेय. आज दुपारी टेबलापाशी आली.
"एक पेपर मिळाला. महेशने न पाहिलेला."
छान की मग, म्हटलं.
"हो. पण आधी त्यालाच सांगावंसं वाटलं." डोळे भरले होते. मी पाण्याची बाटली पुढे केली.

२१ फेब्रु., शुक्र.
आज सानपांना हो म्हणणार होते. त्याआधी एकदा बघून घेऊ म्हणून उघडलं.
काल दुपारी महेशच्या नावावर शोध. या वेळी मराठीत. 'हिरीचं पानी खारं का लागतय'.
काल दुपारी श्वेता माझ्यासमोर बसली होती. सानप म्हणाले, बाहेरून आहे, मोबाइलवरून. त्याचाच असेल, घरच्यांकडे. घरी वडील आणि धाकटी बहीण, एवढंच मला माहीत.
आमच्या पोर्टलवरच्या सूचना मराठीत, पण मराठीत विचारलेलं त्याला कळत नाही. उत्तर गेलंय, शून्य निकाल. मग तेच पुन्हा विचारलंय, शब्द थोडे बदलून. पुन्हा शून्य. आणखी एकदा.
सानप दारात. "मॅडम, करू ना बंद?"
थांबा म्हटलं.
मराठी कपाटातून पाण्यावरची दोन पुस्तकं काढली. एक बरं आहे, साध्या भाषेत. घेऊन लोणीला जाता येईल. पण दारात उभं राहून काय सांगायचं, की तुम्ही त्याला काय विचारलंत ते मी पाहिलं आहे?