हिरव्या रंगाखालची सायकल

प्रिय पोरी,

फोनच करणार होतो. पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपलं की मी हवापाण्यावर घसरतो, आणि तूही "गोळ्या वेळेवर घेताय ना" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र. लांबलचक होणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस आणि सासऱ्याला म्हातारचळ लागला असं पहिल्याच पानावर ठरवू नकोस.

तू इथून नोकरीच्या गावी गेलीस तेव्हा तुमच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, हे माझ्याच्यानं आवरणार नाही. तुम्हीच काय ते बघा." मी हो म्हणालो आणि काहीच बघितलं नाही. दार ओढून घेतलं ते ओढूनच ठेवलं. पुढे त्या भिंतीतली पाण्याची नळी गळायला लागली आणि प्लंबर म्हणाला, खोली रिकामी केल्याशिवाय हात लावणार नाही. मग काय करतो? माझ्या पोराचे कपडे बांधून दिले. पुस्तकं वाचनालयाने नेली. राहिली ती कोपऱ्यातली सायकल. सायकल कसली, सांगाडा! नुसती फ्रेम आणि पुढचं चाक धरणारा चिमटा, आणि शेजारी एक खोका. चाकं नाहीत, चेन नाही, वरून कुणीतरी भिंतीच्या ब्रशने फासलेला शेवाळी हिरवा रंग. तुला आठवत असेल, कुठल्याशा भंगारातून तो ती खांद्यावर घेऊन आला होता. कशाला आणलीस म्हणून विचारलं की नुसता हसायचा. मग ते दुखणं आलं, आणि त्यातून तो उठलाच नाही. सायकल होती तिथेच राहिली.

ती मी भंगारातच परत धाडणार होतो, खोटं कशाला सांगू. जिन्यातून उतरवताना कठड्याला घासली, हिरव्या रंगाचा टवका उडाला आणि खाली निळा दिसला. कसा निळा सांगू? काचेच्या जुन्या औषधाच्या बाटल्या असायच्या ना, उजेडात धरल्या की आतून पेटल्यासारख्या दिसणाऱ्या, तसा. मी तिथेच पायरीवर बसलो आणि नखाने खरवडत राहिलो. आयुष्यभर औषधाच्या दुकानात उभा राहिलो, लेबल वाचल्याशिवाय कुणाच्या हातावर साधी गोळी ठेवली नाही, आणि ही बया बिनलेबलाची माझ्याच घरात पडून होती. कोण, कुठली, कुणी घडवलेली, काही पत्ता नाही. मी तिला उचलून परत वर आणली.

तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलावर उलटी पडलेली असते, आणि मी ओट्यापाशी उभ्याने जेवतो. तसंही त्या टेबलाच्या चार खुर्च्यांमध्ये एकट्याने बसलं की दुसऱ्याच्या घरी लवकर पोचल्यासारखं वाटतं.

इंटरनेटवर जुन्या सायकलींच्या वेड्यांचा एक गट आहे, त्यात शिरलो. फोटो टाकला, विचारलं, ही कुठली? मला वाटलं, कोण उत्तर देतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर प्रश्नांचा पाऊस. फ्रेमच्या पोटाखाली कोरलेला नंबर सांगा. नळ्यांच्या सांध्यांचे जवळून फोटो टाका. सीटची दांडी किती जाडीची जाते? पोरी, तुला कसं सांगू. सकाळी उठल्यावर कुणीतरी आपल्याला काहीतरी विचारलेलं आहे आणि उत्तराची वाट बघतंय, हे मी विसरूनच गेलो होतो. दात घासायच्या आधी मोजपट्टी हातात घेतली.

मग रोज एकेक गोष्ट उलगडत गेली. सर्वांत पुढच्या नळीवर कंपनीचा बिल्ला ठोकायची दोन बारीक भोकं निघाली, पण ती एकाखाली एक होती, त्यावरून निम्मी नावं बाद झाली. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथल्या सांध्यांवर पानासारखी कोरीव खिडकी सापडली. दोघा गृहस्थांचं त्या खिडकीवरून इस्टेटीवरून भाऊ भांडावेत तसं जुंपलं. एक म्हणे ही परदेशी, दुसरा म्हणे तुमचे डोळे तपासून घ्या. पोटाखालचा हिरवा रंग मी कापसाच्या बोळ्याने, जखम पुसतात तसा पुसला आणि खालचा नंबर वाचला. तेव्हा ते दोघंही गप्प झाले. ती निघाली दोन भावांच्या एका छोट्या कारखान्यातली, केव्हाच बंद पडलेल्या. ते भाऊ म्हणे तयार सायकली विकतच नसत. शिंपी बेततो तसं माणसाचं माप घ्यायचं आणि त्याच्यापुरती एक फ्रेम घडवायची. त्या दिवशी मी टेबलाजवळ जाऊन तिला मोठ्याने म्हणालो, "कळलं बरं का, तू कोण ते." घरात माझाच आवाज मला इतका मोठा वाटला की खालच्या मजल्यावर ऐकू गेला की काय, असं झालं.

ओळख पटली, पण सुटे भाग कुठून आणायचे? पायडलचे दांडे ज्या आडव्या नळीत बसतात तिथे दोन्ही बाजूंना पोलादी वाट्या असतात, त्यात छर्रे फिरतात. उजवीकडची वाटी झिजून चरे पडलेली. ती काढायला मी जीव खाऊन पाना फिरवत होतो आणि ती आणखी घट्ट बसत होती. शेवटी गटातल्या एकाने कळवलं, आजोबा, त्या बाजूचे आटे उलटे असतात. उलटा फिरवला तर लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मग नवी वाटी आणली, तर ती दोन वेढे गेली आणि अडली. त्या भावांनी आटेसुद्धा स्वतःच्या डोक्याने पाडलेले! सगळ्यांनी एकच सल्ला दिला: जोर लावू नका, आणि तुमच्याच गावातल्या सायकलवाल्या बाईंना गाठा.

बाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. एके काळी शर्यतींत उतरायच्या, नंतर शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. आता एकट्याच. गाडीच्या गॅरेजमध्ये गाडी नाही, छतापासून जमिनीपर्यंत सायकलीच सायकली. बुटक्या, करवादलेल्या, आणि "बसा" म्हणायच्या आधी "हात पुसलेत का" म्हणणाऱ्या. मी फ्रेमचे फोटो दाखवले, खोका सोबत नेला होता तो उघडला. खोक्यात त्याने स्वतः जमवून ठेवलेल्या वस्तू होत्या, अजून कागदात गुंडाळलेल्या. बाईंनी हँडल बाहेर काढलं, आडवं धरून आपल्या खांद्यांशी लावलं. ब्रेकचे दांडे बोटांनी ओढून पाहिले. मग मला नखशिखांत बघून म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही ही."

"नाही, मुलाची आहे," मी म्हणालो. "त्याने आणली होती."

"उंची किती त्याची?"

मी म्हणालो, दारातून जाताना मान वाकवायचा.

"मग त्याने स्वतःसाठी नाही आणली. या फ्रेमवर त्याचे गुडघे हँडलला लागले असते. आणि हे बघा, हँडल अरुंद. ब्रेकही खास लहान हातांचे, मिळता मिळत नाहीत हे. शोधून शोधून घेतलेत." मग म्हणाल्या, "घरात बुटकं कोण होतं?"

डोळ्यांसमोर आलीस ती तू, लग्नानंतर तुम्ही दोघं सायकलच्या दुकानात गेला होतात त्या दिवशीची. परत आलीस ती तणतणत. दुकानातल्या एकाही रेसिंग सायकलवर तुझे पाय पुरेनात आणि दुकानदाराने तुला लहान मुलांच्या रांगेकडे बोट दाखवलं. तू म्हणालीस, जगातल्या सगळ्या सायकली ताडमाड माणसांसाठी केल्यात, मला नकोच. तो हसून हसून लोळला होता. आणि मग गुपचूप शोधत राहिला होता. बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, 'अरेरे' वगैरे काही म्हणाल्या नाहीत. उठल्या, वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला, त्यातल्या वाट्या एकेक करून आटे मोजायच्या पट्टीला लावत बसल्या. बऱ्याच वेळाने एक माझ्या हातावर ठेवली. "त्यांच्याच एका मोडक्या फ्रेममधली आहे. बसवा. पण झाली की इथे आणून दाखवायची."

पुढचं सगळं मी तुझ्यासाठी केलं. चाकं, चेन, मागच्या चाकाची दातेरी चकती, एकेक गाठत गेलो. कितीतरी अनोळखी लोकांशी बोललो. कुणी पार्सल पाठवलं, कुणी नुसत्याच गप्पा मारल्या आणि वस्तू नाहीच म्हणाला, त्याचंही काही वाटलं नाही. हिरवा रंग उतरवला. आतला निळा ठिकठिकाणी उडालाय, तो तसाच ठेवलाय. आणि एक सांगतो, हसू नकोस. शेवटी फक्त हँडलची पट्टी गुंडाळायची राहिली होती. पट्टी घरात आणून ठेवलेली. तासाभराचं काम. मी ते आज-उद्या करत कित्येक दिवस लांबवलं. कारण ती गुंडाळली की उद्या सकाळी मला कुणी काय विचारणार?

अखेर गुंडाळली. बसमध्ये सायकल घेत नाहीत, आणि मला तिच्यावर बसता येत नाही, म्हणून हाताने धरून बाईंच्या घरापर्यंत चालत निघालो. वाटेत जो तो विचारतोय, "काका, पंक्चर का?" पहिल्या दोघा-तिघांना समजावून सांगायला गेलो, मग नुसतं "हो" म्हणायला लागलो. बाईंनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, साखळीवर बोट फिरवलं, आणि मला काही कळायच्या आत पाय टाकून निघाल्या की! या वयात! रिकाम्या रस्त्याच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, पायडल मारायचं थांबवून तशाच येऊ लागल्या आणि मागच्या चाकाची ती टिकटिक ऐकू आली. इतके महिने जिला टेबलावर उलटी पाहिली, ती चालत होती. मी चष्मा काढून पुसत बसलो. बाई उतरल्या, धापा टाकत म्हणाल्या, "जिची आहे तिला द्या लवकर. भिंतीला टांगायची चीज नाही ही."

खरं तर त्याच आठवड्यात तुला कळवणार होतो. पण त्याआधी तुझ्या आईचा फोन आला. विहीणबाई बराच वेळ माझ्या तब्येतीचीच चौकशी करत राहिल्या, मग त्यांना रडू आलं. म्हणाल्या, पोरीचं लग्न ठरतंय, मुलगा चांगला आहे, पण तुम्हाला सांगायला ती धजत नाहीये. दर रविवारी फोन उचलते आणि तसाच ठेवते. मी म्हणालो, फार छान झालं. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. खोटं नाही सांगत, आत कुठेतरी तुटलं. त्याच्यासाठी तुटलं, आणि स्वतःसाठीही, कारण तू सून नाहीस तर मी तुझा कोण, हे मला कुठल्या गटात विचारता येणार नव्हतं. मग उठलो, तोंड धुतलं, आणि हे लिहायला घेतलं, म्हणजे तुला ते अवघड वाक्य मला सांगावंच लागू नये. मला कळलंय, पोरी. मला बरं वाटलंय. इतक्या लहान वयात तू त्या खोलीसारखी दार ओढून बसावंस असं मला कधीच वाटलं नाही, आणि त्यालाही वाटलं नसतं. सायकल मी लग्नाला घेऊन येईन. ती त्याची आठवण म्हणून घेऊ नकोस, नव्या घरात त्याचं ओझं नको. सुरुवात त्याने केली, पण पुरी मी केली, तेव्हा बापाने मुलीला दिलेली लग्नाची भेट म्हण आणि चालव. नको असेल तर तेही सरळ सांग, बाई छताला एक जागा करतील. मला कुठेही बसव, मागच्या रांगेतही चालेल. तुझ्या नव्या माणसांशी माझी ओळख कोण म्हणून करून द्यायची ते तूच ठरव, मी ऐकेन. फक्त त्या दिवशी, चार लोकांत, मला 'काका' म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा