दिवस धरून ठेवा

आई,

आज गुरुवार, दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं झाली आहेत. अंबरनाथला आमच्या सेंटरच्या दुसऱ्या मजल्यावर, मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून मी नव्या सिस्टीमच्या आराखड्यात शुद्धलेखनाची एखादी चूक राहिली आहे का ते शोधत होतो. एकही सापडली नाही, म्हणून तुला लिहायला घेतलं. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. मी आता कुठे काम करतो हे तुला माहीत असण्याचं कारण नाही. कुळगावच्या आपल्या स्वयंपाकघरात, गॅसपाशी उभी राहून, तू ज्या मशीनबद्दल सांगायचीस त्याच मशीनजवळ मी रोज बसतो.

तू पिग्मीची एजंट होतीस. वांगणीच्या दुकानादुकानांतून रोजचे दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, कार्डावर सही करायची आणि संध्याकाळी बदलापूरच्या शाखेत भरायचे. शाखेतला कारकून ते पैसे नोंदवायचा आणि ती नोंद तारेवरून इथे यायची, या मोठ्या मशीनमध्ये. अशा कितीतरी लहान बँका आणि पतपेढ्यांचे व्यवहार इथेच होतात. व्यवहाराचा नियम मला फार आवडतो. पैसे एका खात्यातून निघाले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत असं मशीन कधी होऊ देत नाही. व्यवहार पूर्ण होतो, नाहीतर झालाच नाही असं धरतात. अर्धवट काही उरत नाही. आता हे जुनं मेनफ्रेम काढून नवं आणताहेत. जुनं मशीन काय काय काम करतं, कोणत्या क्रमानं करतं आणि त्यातलं काय नव्याकडे द्यायचं, हे लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. बारावीला न बसलेल्या मुलाकडे. मी नीट लिहितो म्हणून दिलं, असं आमच्या सेंटरचे मोठे साहेब म्हणाले.

तुला वांगणीहून परतायला उशीर का व्हायचा, ते मला लहानपणी कळत नसे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, गल्ल्यात पैसे नसतात. संध्याकाळी असतात, तर तोवर दिवेलागण झालेली असते. तिन्हीसांजेला लक्ष्मी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही म्हणून कुणी गल्ल्याला हात लावत नाही. दिवा लावायचा, उदबत्ती ओवाळायची, एखादं गिऱ्हाईक येऊन आत पैसे देईपर्यंत थांबायचं आणि मग तुझे वीस रुपये. तू दुकानांच्या पायऱ्यांवर बसून राहायचीस. तुझ्यानंतर शाखेत यायचं कुणी बाकी नसायचं. मग तो कारकून अंबरनाथला फोन करायचा, "आमच्या बाई यायच्यात, दिवस धरून ठेवा." इथला माणूस दिवसाचा हिशेब बंद करायचा थांबायचा. तू घरी येऊन पीठ मळता मळता सांगायचीस, "आज माझ्यासाठी दिवस थांबवला. अंबरनाथला एवढं मोठं मशीन आहे, माझी वाट बघत बसलं." मी म्हणायचो, "दिवस कधी थांबत नसतो, आई." तू म्हणायचीस, "तुझा नसेल थांबत."

एकदा मी तुझ्या कमिशनचा हिशेब केला आणि म्हणालो की बँकेतला शिपाईसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त कमावतो. तू लाटणं बाजूला ठेवलंस. "शिपायाला लोक आपले पैसे धरायला देतात का रे?" एवढंच बोललीस आणि परत लाटायला घेतलंस.

तू गेल्यावर मी कॉलेज सोडलं आणि उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो. तिथल्या मॅडमनी विचारलं, "मम्मी क्या करती थी?" मी म्हणालो, "बँक में थी." त्या म्हणाल्या, "अच्छा, बँक में," आणि माझ्याकडे नीट बघू लागल्या. ते वाक्य तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. सेंटरला नोकरी मागायला आलो तेव्हाही तेच सांगितलं. मोठ्या साहेबांनी ते लक्षात ठेवलं. कुणी माझ्या शिक्षणाबद्दल बोललं की ते म्हणतात, "डिग्री नसली तरी बँकवाल्या घरातला आहे." मी खाली बघतो. लोकांना वाटतं नम्र आहे.

आराखड्याच्या बैठकीला नव्या कंपनीचे साहेब आले होते. पाणी पिऊन ते म्हणाले, "डे-एंड में कोई आदमी बीच में आता है क्या? या सब मशीन ही करता है?" हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत होते, पण बघत माझ्याकडे होते, कारण यादी माझी होती. तो फोन माझ्या यादीत नव्हता. तो प्रोग्रॅम नाही, कागदावर नाही, कुठल्या नियमात नाही. संध्याकाळी फोन घेणारा आमचा ऑपरेटर त्या दिवशी रजेवर होता. मला माहीत होतं. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तुला कसं माहीत? मी म्हणालो, "नहीं सर, सब मशीन करता है." साहेब म्हणाले, "वेरी क्लीन." मग दिवस साडेसहाला आपोआप बंद करायचं ठरलं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

या सोमवारी चाचणीसाठी बदलापूरची शाखा एका दिवसापुरती नव्या सिस्टीमवर घेतली. बघायला मलाच पाठवलं. शाखा तीच आहे, फक्त काउंटरला काच आलीय. पावणेआठ झाले असतील. वांगणीकडची एजंट आली, चाळिशीची बाई, खांद्याला पिशवी, हातात पावत्या छापायचं लहान मशीन. आता कार्डं नाहीत, पैसे घेतले की जागच्या जागी त्या दिवसाची पावती निघते. कारकुनानं तिचं मशीन जोडलं आणि परत काढलं.

"ताई, नाही घेत. दिवस बंद झाला."

"कालपर्यंत बँक घेत होती. आज उपास धरलाय का तिनं?"

"नवीन सिस्टीम आहे."

"मग जुन्या पद्धतीनं फोन लाव ना दादा. धरायला सांग."

त्यानं लावला. पलीकडून आमच्याच ऑपरेटरचा आवाज मला ऐकू आला, आता धरता येत नाही, दिवस त्याचा तोच संपतो. बाईनं पिशवी काउंटरवर ठेवली. "पावत्या आजच्या दिल्यात मी. पैसे उद्या दिसणार. आणि रात्रभर हे कुठे ठेवू? एका खोलीत सहाजण झोपतो आम्ही."

"दुपारी येत जा," बाजूचा अधिकारी म्हणाला.

"दुपारी तुम्ही द्या पैसे, मी दुपारी येते."

सगळे हसले. मीही थोडा हसलो. मग कारकुनानं माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही सेंटरचे ना? कुणी ठरवलं हे साडेसहा?"

मी म्हणालो, "वरून आलंय."

ती पिशवी उचलून निघून गेली. तुझ्यासारखीच चाल होती असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. ती लंगडत होती.

मंगळवारी सकाळी नव्या सिस्टीमनं यादी काढली. पावत्या दिल्या आणि पैसे आले नाहीत अशा एजंटांची. तिचं नाव एकटंच. शाखा उघडल्या उघडल्या ती रक्कम भरायला आली होती, तरी मॅनेजरनं चौकशी होईपर्यंत तिचं मशीन ठेवून घेतलं. दोन दिवस ती वसुलीला गेली नाही. वांगणीच्या बाजारात हे किती वेळात पसरतं ते मला माहीत आहे. एकदा तू तापानं पडलीस आणि तीन दिवस गेली नाहीस, तर चौथ्या दिवशी एका दुकानदारानं तुझ्याकडे आधीच्या महिन्याच्या सगळ्या सह्या परत तपासायला मागितल्या होत्या. येत्या शनिवारी सगळ्या शाखा नव्या सिस्टीमवर जाणार होत्या. म्हणजे रविवारपासून दिवेलागणीनंतर फिरणारी प्रत्येक बाई त्या यादीत.

काल सकाळी मी नव्या साहेबांकडे गेलो. म्हणालो, सर, साडेसहा चुकीचं आहे. दिवस शाखेच्या फोनवर बंद व्हायला हवा, साडेआठपर्यंत धरता यायला हवा. ते म्हणाले, एजंट पाच वाजता का येत नाहीत? मग मी त्यांना तिन्हीसांज सांगितली. गल्ला, दिवा, उदबत्ती, पायरीवर बसून राहणं. ते पेन खाली ठेवून ऐकत होते. मोठे साहेबही येऊन उभे राहिले. अर्ध्या तासात बदल मंजूर झाला. चाचणीतली ती यादी रद्द करायचं पत्र शाखेला गेलं. तिचं मशीन तिला आज सकाळी परत मिळालं. कारकुनाचा फोन आला होता. म्हणाला, "ताई विचारत होत्या, तो शर्ट इन केलेला पोरगा कोण होता, दोन शब्दांपलीकडे बोलता येतं का त्याला?"

तेव्हा हे काम झालं आहे, आई. शनिवारपासून बायकांसाठी दिवस थांबेल, नव्या मशीनमध्येसुद्धा. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी ते पाठवलं नसतं, कारण एवढंच वाचून तुला बरं वाटलं असतं. राहिलेलं असं आहे. सगळं सांगून झाल्यावर नव्या साहेबांनी विचारलं, "ये दिया-बत्तीवाली बात तुमको किसने बताई?" मोठे साहेब शेजारीच होते. मी म्हणालो, "ब्रँच में सुना, सर." नव्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुड ऑब्झर्वेशन."

मी थँक यू म्हणालो.