रेवतीचा खुबा

६ फेब्रुवारी
लिहायला बसले, कारण डोक्यात दिवसभर खुबा. आमच्या लेकीच्या, रेवतीच्या, उजव्या खुब्याची वाटी उथळ निघाली. जन्मापासूनच. 'सौम्य' म्हणतात. वय एकोणतीस. काम गाइडचं: अजिंठा, वेरूळ, दौलताबाद. म्हणजे पायऱ्याच पायऱ्या.
जालना रोडचे डॉक्टर: वाटीची कड फाटली आहे, दुर्बिणीतून शिवू. बारीक छेद, काही आठवडे कुबड्या. "आणि उथळपणा?" "तो राहणार." सरळ बोलले, बरं वाटलं. नंतर नाही वाटलं.

१४ फेब्रुवारी
पुणे. इथल्या सर्जन बाई. वाटीभोवतीचं हाड कापायचं, वाटी फिरवून खुब्यावर नीट झाकण येईल अशी बसवायची, वर स्क्रू. दोन-तीन महिने कुबड्या, पुरतं सावरायला वर्षभरही लागेल. नस दुखावू शकते, हाड जुळायला त्रास होऊ शकतो.
"सौम्य असलं की दोन्हीपैकी काहीही करतात. काहींचं दुर्बिणीवर भागतं, काहींना पुन्हा यावं लागतं." रेवतीचं भागेल का? "आधी सांगता येत नाही."
दुखतं कधी, हे त्यांनी विचारलं. मी सुरू केलं, "जिना चढताना..." बाई म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या ना." रेवती म्हणाली, "फार नाही दुखत."


२१ फेब्रुवारी
नळ आठवड्यानं. टँकर आज नाही. फोन केला तर, "म्याडम, हीरच आटली. काय आणू, हवा?" समोर मात्र आणखी एक टॉवर उठतोय.
रेवती खालच्या टाकीतून बादल्या वर आणत होती. ओरडले.
"मग कोण आणणार? तुझे गुडघे?"
माझा कौल दुर्बिणीला. थोडक्यात भागत असेल तर हाड का कापा? तिला तसं सांगितलं.
"तू ठरवलंस ना, झालं मग."
हा होकार नव्हे.

३ मार्च
न सांगता दौलताबादला गेले. तिच्यासोबत नागपूरचा ग्रुप. मी मागं मागं.
जिथं थांबून गोष्ट सांगते, तिथं टेकायला भिंत. दोनदा वाटलं, योगायोग. मग नीट पाहिलं. तळवा दगडावर, उजवा पाय नुसता टेकवलेला, आणि तोंडानं हशा पिकवतेय. पुढच्या चढाआधी तर एवढी रंगली की लोकांनी टाळ्या दिल्या. एक बाई म्हणाल्या, "किती निवांत सांगतात, अजिबात घाई नाही."
खाली आल्यावर मी दिसले.
"हेरगिरी का, आई?"
"हो. कधीपासून असं?"
"मागच्या सीझनपासून. गडावरच्या सगळ्या भिंती पाठ आहेत."
"पुण्याच्या बाईंना का नाही सांगितलंस?"
"तू सांगत होतीस की."

४ मार्च
कालपर्यंत दुर्बीण, आज हाड. कड शिवली आणि वाटी तशीच राहिली, तर पुन्हा भिंती शोधणार? आणि शिवूनच भागणार असेल, तर मी उगाच तिचं हाड
भाजी करपली. पुरे.

११ मार्च
आज रेवतीकडे सोपवलं: एक्स-रेचं पाकीट, एमआरआयची सीडी, दोन्ही डॉक्टरांचे कागद. म्हटलं, यापुढं डॉक्टरांकडे मी बाहेरच्या बाकावर बसेन.
"तुला काय वाटतं पण?"
"विचारू नकोस. सांगून टाकीन."
हसली. बऱ्याच दिवसांनी.
सगळं घेऊन खोलीत गेली. दार लावलं. फोनवर बोलत होती, हळू. तासाभरानं बाहेर आली.
तिनं मला दिली: अजिंठ्यात चित्रांवर उजेड पाडायची बॅटरी. "कपाटात ठेव. सेल काढ आधी, पडून राहिले की गळतात."
किती दिवस पडून, काही आठवडे की वर्षभर, ते बोलली नाही. मी विचारलं नाही.
बॅटरी कपाटात. सेल अजून आत.