पाडव्यासाठी ऑटोमॅटिक

२८ सप्टेंबर, रविवार

निर्णय झाला. यंदा दिवाळी पाडव्याला सासऱ्यांची म्हैस मी पळवणार.

कसबा बावड्यातली पद्धत साधी आहे. पुढे सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, मागे शिंगे रंगवलेली म्हैस. आकाराममामा, म्हणजे माझे सासरे, दर पाडव्याला तुळसाला असे पळवत आले. यंदा त्यांचा गुडघा बदलला. मोटारसायकलवर बसता येत नाही. तुळसा दुसऱ्या कुणाच्या मागे जात नाही. म्हणून यंदा राहू दे, असे मामा म्हणाले आणि गोठ्याकडे बघत बसले. मामी म्हणाल्या, ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा हा चेहरा नव्हता.

मी उपाय सांगितला. माझी पिकअप. मागे हौद्यात खुर्ची, खुर्चीत मामा, तोंड मागे. मामा हाक मारतील, तुळसा पळेल. गाडी ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर बदलणे नाही, हिसका नाही. मामांच्या हातातला चहासुद्धा हिंदकळणार नाही.

मामांनी गुडघा चोळला. मग विचारले, पावणं, गाडी चालू हाय न्हवं?

मी नुसता हसलो.

२९ सप्टेंबर, सकाळी ७

पार्किंगमध्ये गाडीखाली लाल डाग. ताटलीएवढा. गिअरबॉक्सचे तेल लाल असते. म्हणजे ते गळते आहे.

किरकोळ गोष्ट. उलट वेळेत कळले.

बायकोने, म्हणजे क्रांतीने, वरून खिडकीतून बघितले. गाडी घेतली तेव्हा ती काही बोलली होती: जुनी गाडी, त्यात ऑटोमॅटिक, कोल्हापुरात हिला हात कोण लावणार. आज तिने डाग बघितला आणि आत गेली. खिडकी मात्र उघडीच ठेवली.

३० सप्टेंबर

उद्यमनगरात नागसेनच्या गॅरेजला गेलो. तो खाली वाकला, उठला, हात पुसले. चेंबरचे पॅकिंग गेले आहे, आठ दिवस गाडी सोडा, म्हणाला. बाकी सहा गाड्या आधी उभ्या आहेत.

आठ दिवस मान्य नाहीत. चेंबर म्हणजे गिअरबॉक्सच्या खाली बोल्टने आवळलेले पत्र्याचे ताट. मी राजारामपुरीत वीस वर्षे गणिताचे क्लास घेतो. ताट मी बसवू शकतो.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा. डाग आता परातीएवढा. शेजारच्यांना वाटले कुंकू सांडले. त्यांनी पाया पडून घेतले. मी अडवले नाही.

संकल्प: रविवारी पॅकिंग बदलणे. स्वतः.

५ ऑक्टोबर, रविवार, रात्री

पॅकिंग बदलले. मी गाडीखाली. क्रांती प्लॅस्टिकच्या स्टुलावर, गाडीचे इंग्रजी पुस्तक घेऊन. पुस्तक म्हणते बोल्ट हलक्या हाताने आवळावेत. पुस्तक लिहिणाऱ्याने आपले रस्ते बघितलेले नाहीत. मी पाना घसरेपर्यंत आवळले.

आधी एका ठिकाणी गळत होते. आता तीन ठिकाणी गळते. चेंबर वाकले आहे. ते मुळातच वाकडे असणार. घट्ट आवळल्यामुळे दोष उघडकीस आला.

६ ऑक्टोबर

सगळ्या कडेने सिलिकॉन फासले. गळती जवळजवळ थांबली. जवळजवळ हा शब्द क्रांतीचा.

८ ऑक्टोबर

बावड्यात पहिली तालीम. खुर्ची हौद्यात दोरीने बांधली. मामांना दोघांनी धरून चढवले. तुळसाने गाडीकडे बघितले आणि रवंथ चालू ठेवले. मोटारसायकलचा फटफट आवाज नाही, त्यामुळे तिला गाडी ही गाडी वाटेना.

मग मामांनी हाक मारली. ए तुळसा, एवढेच. ती निघाली. गल्लीच्या टोकापर्यंत आली, पळत.

नंतर मामा हौद्यातून उतरेनात. मामींनी जेवण वाढले, दोनदा हाक मारली. शेवटी चहा तिथेच वर दिला.

आता माघार नाही.

११ ऑक्टोबर

तेल किती आहे ते रोज सकाळी बघतो. पट्टीवर दोन खुणा आहेत. क्रांती वाचते: खालची थंड गाडीसाठी, वरची तापलेल्या गाडीसाठी; जास्त भरले तर तेल फेसाळते. मी म्हणालो, हा ऑक्टोबर आहे आणि हे कोल्हापूर आहे. इथे गाडी सावलीतही तापलेलीच असते. म्हणून वरच्या खुणेपर्यंत भरतो.

शिवाय आपल्यात पाहुण्याचे ताट अर्धे ठेवत नाहीत. गाडीला वेगळा न्याय कशाला.

१३ ऑक्टोबर

विचित्र. रोज भरतो. चालवून आणली की रोज बाहेर येते.

१५ ऑक्टोबर

मूळ सापडले. गळती खालून नाहीच. गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला करंगळीएवढी नळी आहे, टोकाला उघडी. तेल फेसाळून तिथून येते. कारखान्यात कुणीतरी बूच लावायला विसरले असणार. इतकी वर्षे कुणाच्या लक्षात आले नाही.

नळी सिलिकॉनने भरली. वर रबर, रबरावर तार.

क्रांतीने पुस्तक उघडले. त्यात ह्या नळीला श्वासाची नळी म्हटले आहे. मी क्रांतीला शांतपणे सांगितले की श्वास म्हैस घेते.

१६ ऑक्टोबर

डाग नाही. फरशी कोरडी. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र अंथरून ठेवले होते, तेही कोरडे. मी ते घडी घालून नंतर वाचले.

नागसेनला फोन केला, मुद्दाम. तो म्हणाला, भारी की सर. मग विचारले, काय केलंसा? मी सांगितले नाही. अशा गोष्टी फोनवर समजावता येत नाहीत.

१९ ऑक्टोबर

मामांनी नवा फेटा आणला. आरशासमोर तीनदा बांधून घेतला, असे मामी फोनवर सांगत होत्या. बावड्यात सगळीकडे सांगून झाले आहे: यंदा आमचं पावणं म्हस पळवणार, बिनगिअरच्या गाडीनं.

तालीम घ्यायला हवी होती. क्लासची परीक्षा होती. तशी गरजही नाही.

२१ ऑक्टोबर

तुळसाची शिंगे रंगवली, पाठीवर मोरपिसे, पायात चाळ. मी गाडी धुतली. लोक पद्धत विचारतील. थोडक्यात काय सांगायचे ते मनाशी ठरवले आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा

आधी घटना लिहितो. मग कारणे.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे. मोटारसायकली कानठळ्या बसवत गेल्या, मागे म्हशी. आमची पाळी आली. मामा खुर्चीत, फेटा, हात गुडघ्यांवर. मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी लोण्यासारखी निघाली. मामांची हाक ऐकू आली. लोक ओरडले त्यावरून कळले की तुळसा सुटली. आरशात मला फक्त फेट्याचा शेमला दिसत होता.

वाटेतल्या देवळापर्यंत असे चालले.

मग खालून आवाज आला. मोठा नव्हता. कुणी उशी फाडावी तसा. इंजिन ओरडू लागले आणि गाडी थांबली. मी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. इंजिन आणखी ओरडले. मागे रस्त्यावर लाल ओघळ. आतली वाफ नळीतून जाऊ शकली नाही, म्हणून पुढचे सील फोडून गेली. हे मला आत्ता लिहिताना कळते आहे. तेव्हा मी वायपर चालू केले. का ते माहीत नाही.

तुळसा आली ती थेट हौद्याला येऊन टेकली. मान आत घातली आणि मामांच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला लागली. रस्ताभर लोक हसत होते. मी काच वर केली.

मामा उतरले नाहीत. त्यांनी काठीने हौद्यावर ठोकले आणि म्हणाले, ढकला रे. दहा-बारा जण आले. गाडी न्यूट्रलला, मी स्टिअरिंगला. आधी चालत, मग जोरात, मग पळत. वर मामा हाका मारत होते, मागे तुळसा पळत होती. शेवटच्या टोकापर्यंत. फेटा सुटला होता. मामांनी तो बांधला नाही.

संध्याकाळी बावड्यातल्या घरी मी कारणे सांगितली. चेंबरचा मूळ दोष, पुस्तकातली संदिग्ध भाषा, नळीची रचना. मामा ओसरीवर गुडघा लांब करून बसले होते. पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाले,

"पावणं, एवढी वर्सं ती माज्या पाठीमागं पळाली. पळताना तिचं त्वांड कसं दिसतंय ते यंदा बघितलं."

मी म्हणालो, म्हणजे योजना यशस्वी झाली.

"व्हय की. फुडल्या साली बी असंच करायचं. फकस्त तेवढं इंजिन काढून ठेवा. ढकलणाऱ्यांस्नी जड हुतंय."

मामींनी मान डोलावली. क्रांतीने विचारले, गिअरबॉक्सपण काढायचा का. त्यावर थोडी चर्चा झाली. तोही काढायचा ठरला.